एक अगर अधिक रोगी

माझी पत्नी गेली, त्याला आता एक पावसाळा उलटला. घरात मी आणि माझी पुस्तके उरलो आहोत. पुस्तकांची तिला कधी अडचण झाली नाही. लिहिण्याची मात्र झाली. मी घरी लेखणी हातात घेतली की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणी मागितलंय का?" आवाजात राग नसे. आमटीत मीठ बरोबर आहे का, असे विचारावे तसे ती विचारी. आल्या-गेल्याला ती थट्टा वाटे. मी म्हणे, "हो, कचेरीचं आहे," आणि कचेरीचे नसले तर लेखणी खाली ठेवी.

आज जे लिहितो आहे ते कुणी मागितलेले नाही. त्याला फार दिवस लागत आहेत. एक वाक्य झाले की मी थांबतो. आतून काही ऐकू येत नाही. मग पुढचे वाक्य लिहितो.

तिच्या त्या प्रश्नामागे एक बाई होती. आमच्या नात्यातली नव्हे, गावातलीही नव्हे. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची. ती आजारी होती आणि आमच्या पडवीत राहून बरी होत होती. मी लिहिलेल्या एका अर्जामुळे तिला तिथून उठावे लागले. यात लपवण्यासारखे कधीच काही नव्हते. त्या वेळी जव्हारात ज्याला त्याला ते ठाऊक होते, आणि मला कुणी बोल लावला नाही. बोल लावला असता तर मी निदान माझी बाजू मांडली असती, आणि मांडता मांडता कदाचित मला ती पटलीही असती.

मी तेव्हा संस्थानच्या कचेरीत भाषांतरकार होतो. इंग्रजीत आलेले मराठीत करायचे आणि दरबारचे मराठी इंग्रजीत करून पाठवायचे, एवढेच काम. मी नाशिकला शिकलो होतो, पण बोलका नव्हतो. माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळे. 'सदरहू', 'उपरोक्त' आणि 'अगर' यांच्या सोबतीत मात्र मी मोकळा असे.

त्या सुमारास बाजारात एका परगावच्या वैदूने घर भाड्याने घेतले होते. तो रोग्यांना घरातच ठेवून घेई आणि पाऱ्याच्या पुड्या चारी. त्याच्या घरात चालत गेलेला एक माणूस चौघांच्या खांद्यावरून बाहेर आला. वैदू रातोरात निघून गेला. त्याला कोणत्या कलमाखाली धरायचे हे कचेरीला सुचेना, कारण तसे कलमच नव्हते. कारभारीसाहेबांनी मला बोलावले आणि म्हणाले, "दवाखान्याचे नियम करायला घ्या. आधी शब्दांचे अर्थ पक्के करा. अर्थ सैल राहिले की असले लोक त्यातून निसटतात."

मला एवढे आनंदाचे काम पूर्वी कधी मिळाले नव्हते. मुंबई इलाख्यातल्या नियमांची पुस्तके मागवली. कोणता शब्द कुठपर्यंत पोचतो आणि कुठे थांबतो, हे मी दिवसच्या दिवस तपासत बसे. 'दवाखाना म्हणजे दरबारच्या खर्चाने चालविलेली अशी जागा, की जेथे रोग्यांस तपासून औषध दिले जाते, परंतु जेथे रोग्यांस रात्री ठेविले जात नाही.' हा शेवटचा तुकडा कारभारीसाहेबांच्या सांगण्यावरून घातला. रात्री ठेवायचे म्हटले की रात्रीचा परिचारक आला, स्वयंपाकी आला, पाणी भरणारा आला. तेवढी संस्थानची ऐपत नव्हती आणि ते त्यांनी लपवलेही नाही.

मग दुसरी व्याख्या. 'रुग्णालय म्हणजे कोणतेही घर, इमारत अगर इमारतीचा भाग, की जेथे एक अगर अधिक रोगी उपचारासाठी रात्री राहतात.' ही सर्वस्वी माझी. 'एक अगर अधिक' हे शब्द मला पहाटे अंथरुणात सुचले आणि उठून मी ते लिहून ठेवले. बारा रोगी ठेवणारा वैदू काय आणि एक ठेवणारा काय, माझ्या व्याख्येतून कुणी सुटणार नव्हता. असे रुग्णालय चालवायचे तर दरबारची परवानगी हवी, हे पुढच्या कलमात आले.

नियम मंजूर झाले तेव्हा संस्थानच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात चहाला बोलावले. दवाखाना म्हणजे दगडी जोत्यावरच्या दोन खोल्या आणि पुढे ओसरी. डॉक्टर मोठे गमत्ये होते.

"या, व्याख्याकार," ते म्हणाले. "सगळं वाचलं. पण 'खाट' म्हणजे काय ते राहिलं की हो. माझ्याकडे हा बाक आहे. यावर रोगी निजला तर बाकाची खाट होते का?"

"रात्री निजला तर होते," मी म्हणालो.

मी ते गंभीरपणे म्हणालो होतो. डॉक्टर इतके हसले की त्यांना बशी खाली ठेवावी लागली.

पुढे मी पुष्कळदा विचार केला, की व्याख्या लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोणता रोगी होता. तो जवळच्या साखरशेतचा माणूस होता. सकाळी भात उतरवून निघावे, दवाखान्यात औषध घ्यावे, दिवे लागायच्या आत घरी परतावे. त्याला रात्री ठेवायचे काहीच कारण नव्हते. सूर्यमाळ मी तोपर्यंत नकाशात पाहिले होते, आणि तेही हद्दीच्या रेघेपलीकडे. तो मुलूख मोखाड्याकडचा, खालसातला, इंग्रजांचा. तिथले माणूस आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर येईल, असे माझ्या मनात आले नव्हते.

ती बाई आली ती थंडीच्या तोंडाला, राबाची कामे सुरू झाली होती तेव्हा. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडाच्या फांद्या तोडतात. नवरा झाडावर होता आणि ती खाली फांद्या गोळा करत होती. त्याच्या हातून कोयता सुटला आणि तिच्या घोट्याजवळ लागला. पाड्यावर पाला बांधला, भगताने दाणे पाहिले, पण पाय फुगत गेला. मग नवऱ्याने आणि पाड्यावरच्या दोघा गड्यांनी बांबूला घोंगडीची झोळी बांधली, तिला त्यात घातले आणि डोंगर उतरून जव्हारला आणले.

डॉक्टरांनी मला कचेरीतून बोलावून घेतले. मी गेलो तेव्हा त्यांनी पू काढून पट्टी बांधली होती आणि ते हात धूत होते. ती बाकावर पडली होती. चेहऱ्यावर घाम होता, पण डोळे चौफेर फिरत होते. नवरा दाराशी उकिडवा बसला होता.

"ऐका," डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी ते हसत नव्हते. "पाय रोज धुवायला हवा, पट्टी रोज बदलायला हवी. आठ-दहा दिवस. तेवढं झालं तर ही चालत घरी जाईल. नाही झालं तर विष वर चढेल आणि मग माझ्या हातात काही नाही."

"मग ठेवून घ्या इथे," मी म्हणालो.

"कुठे? इथे ठेवली तर हा दवाखाना राहत नाही. परिचारक कोण, रात्री दार कोण लावणार? नियम तुमचे आहेत, मी फक्त पाळतो."

"धर्मशाळेत?"

"विचारून झालं. वाहती जखम म्हटल्यावर राखणदाराने कवाड लावून घेतलं."

नवऱ्याला आमचे बोलणे अर्धेमुर्धे कळत असावे. तो म्हणाला, "माज्या हातचा कोयता सुटला, रावसाहेब. माजीच चूक हाय. तिची काय नाय." जणू चूक कुणाची हे ठरले की जागा मिळेल.

त्यावर ती बाकावरून म्हणाली, "दुसरी लोकां बायकोला लुगडं देत. यानं कोयता दिला." आणि स्वतःच हसली. हसताना पाय हलला तशी कळवळली.

घरी येऊन मी ही हकीकत पत्नीला सांगितली. खरे म्हणजे मी ती एक पेच म्हणून सांगितली. दवाखान्यात ठेवता येत नाही, घरी पाठवली तर रोज आणता येत नाही, तेव्हा अशा रोग्याला कोणत्या वर्गात घालावे? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग इथे आणा."

"इथे कुठे?"

"पडवीत. आत नको हं, माझं सोवळं असतं. पण पडवी काय, रिकामीच आहे. तुमची वर्तमानपत्रं तेवढी हलवा."

"तसं केलं तर नियमाप्रमाणे आपलं घर रुग्णालय होईल."

"होऊ दे."

"परवानगीशिवाय रुग्णालय चालवणं गुन्हा आहे."

"असं कुणी लिहिलंय?"

तिच्या तांदळातला एक खडा मी वेचून बाजूला टाकला.

"तुम्हीच ना? मग तुम्ही कुणाला सांगू नका म्हणजे झालं. चला, ऊन उतरायच्या आत आणा तिला."

अशी ती आमच्या पडवीत आली. तिच्याबरोबर नवरा राहिला. बाकीचे दोघे परत गेले, गरज पडेल तेव्हा येतो म्हणाले. तो दिवसभर आमची लाकडे फोडी. नको म्हटले तरी फोडी. गरज होती त्याहून किती तरी अधिक लाकडे त्याने फोडून रचून ठेवली. डॉक्टर रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी येत, पट्टी बदलत आणि जाता जाता मला म्हणत, "रुग्णालय ठीक चाललंय हो तुमचं."

पहिल्या दिवशी पत्नी तिला पाणी वरून, ओंजळीत घाली. भाकरी पानावर टाकून ते पान पुढे सारी. आम्ही त्या काळी जसे होतो तसे ते होते. मी त्याची सारवासारव करत नाही. पण ते वरून ओतणे केव्हा थांबले ते मला कळले नाही. एका दुपारी कचेरीतून लवकर आलो तर पत्नी पडवीत तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरत होती, आणि पाण्याचा तांब्या दोघींच्या मध्ये होता.

"बाय, एवढी पुस्तकां कोण वाचं?" ती विचारत होती.

"हे वाचतात."

"सगळी?"

"सगळी."

"आन् मंग काय करत?"

 पत्नी माझ्याकडे बघून हसायला लागली. मीही हसलो. आमच्या घरात इतके हसणे पूर्वी झाले नव्हते. आम्हाला मूल नव्हते, आणि मी तो असा अबोल. पडवीत कुणीतरी दुखण्यातून उठत आहे, एवढ्यानेच घरात जाग आल्यासारखे वाटे. ताप उतरला. पायाची सूज बसू लागली. डॉक्टर म्हणाले, "आता पाय गेला असं कुणी म्हणणार नाही. पण इतक्यात हलवू नका."

आणि मी मात्र बेचैन होतो. कचेरीत बसलो की समोर तेच नियम. वैदूसारखे कुणी सुटू नये म्हणून मी ते केले होते, आणि पहिला सुटणारा मीच होतो. दुसऱ्या कुणी केले असते तर मी काय म्हटले असते? हा विचार मला तेव्हा फार उदात्त वाटे. मोठ्या माणसाचे घर म्हणून सवलत आणि लहानाचे म्हणून शिक्षा, असे माझ्या हातून व्हायचे नव्हते. मी मोठा माणूस नव्हतो. पण नियम लिहिणारा होतो, आणि माझ्या मते ते त्याहून वरचे होते.

एका संध्याकाळी मी अर्ज लिहायला घेतला. माझे राहते घर, पडवीपुरते, तात्पुरते रुग्णालय म्हणून मंजूर व्हावे. परवानगी न घेता रोगी ठेवल्याबद्दल जो दंड असेल तो भरण्यास तयार आहे. माझ्याच नियमाप्रमाणे रोग्याचा राहता मुलूख लिहिणे आवश्यक होते, तेव्हा तेही लिहिले: सूर्यमाळकडील पाडा, खालसा मुलूख. पत्नी दिवा घेऊन आली आणि म्हणाली, "एवढं मन लावून काय चाललंय?" "एक अर्ज आहे," मी म्हणालो. तिला वाटले, कुणा गरजवंताचा असेल. बाजारातले लोक माझ्याकडून अर्ज लिहून नेत असत. तिने वात पुढे केली आणि दिवा माझ्याजवळ ठेवून गेली.

सकाळी अर्ज आवक कारकुनाकडे दिला. दुपारी कारभारीसाहेबांनी बोलावले. अर्ज त्यांच्यापुढे होता. त्यांनी चष्मा काढला.

"हे का लिहिलंत?"

"नियम आहे, साहेब."

"नियम मला ठाऊक आहे. मी विचारतो, लिहिलंत का? सबंध जव्हारला ठाऊक आहे की तुमच्या पडवीत एक बाई आहे. मलाही ठाऊक आहे. परवा माझ्या घरून तिच्यासाठी गूळ-नाचणीचे लाडू गेलेत. पण ठाऊक असणं निराळं आणि कागदावर येणं निराळं, हे तुम्हाला मी शिकवायचं?"

"अर्ज परत घेतो, साहेब."

"कसा घेणार? बारनिशीत, आवकेच्या वहीत चढला. त्यावर मला शेरा मारावाच लागेल. आणि त्यात हे खालसा मुलूख! मोखाड्याच्या बाजूची बाई इथे विनापरवाना रुग्णालयात दगावली, आणि दरबारला ते लेखी ठाऊक होतं, असं झालं तर वर उत्तर कोण देणार? तुम्ही की मी?"

ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी बराच वेळ लेखणी उचललीच नाही. मग लिहिले, की मंजुरी होईपर्यंत सदरहू रोगी संस्थानच्या हद्दीबाहेर असावा. मंजुरीला महाराजांची सही हवी होती आणि स्वारी बाहेरगावी होती. "स्वारी आली की पहिली सही याच कागदावर घेतो," ते म्हणाले. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. हद्दीपलीकडे जवळच कुठेतरी थांबवा त्यांना. कागद आला की परत आणा."

घरी आलो आणि पत्नीला सांगितले. मला वाटले होते ती चिडेल. तिने फक्त विचारले, "कुणी मागितला होता का हो तुमच्याकडे तो अर्ज?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'ला मी तिला नियमांविषयी पुष्कळ सांगितले. ती उभी राहून ऐकत होती. माझे संपल्यावर पडवीत गेली.

झोळी पुन्हा बांधली. दोघे गडी बोलावून आणले. डॉक्टरांनी नवऱ्याला पट्ट्या आणि औषधाची बाटली दिली, कसे धुवायचे ते दाखवले.  आपण स्वतः येतो असे डॉक्टर म्हणाले नाहीत. दरबारचे औषध हद्दीबाहेर नेऊन द्यायला त्यांना मुभा नव्हती, आणि आता सगळेच कागदावर होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा कागद आला की उघड जाऊ. लवकर आणवा."

पत्नीने आपली जाड गोधडी तिच्यावर घातली. ती झोळीतून म्हणाली, "मी यीन परत, बाय. तुमच्या घरात उंदीर लय. पुस्तकां राखाया माणूस पायजे."

मी नवऱ्याला नीट समजावले. समजावताना माझी जीभ अडखळली नाही, हे मला आठवते. ओहळाशी हद्दीचा दगड आहे, त्याच्या पलीकडे थांबा. पाड्यावर जाऊ नका. तिथून परत आणायला फार वेळ लागेल. "कागद येईपर्यंत तिथून हलू नका," मी म्हणालो. "कागद आला की मी स्वतः घेऊन येतो." त्याने प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्यासाठी फार मोठी खटपट करतो आहे.

स्वारी लवकर आली नाही. पत्नी रोज भाकऱ्या करी आणि त्या बाजूने मोळ्या विकायला येणाऱ्या बायकांबरोबर परत पाठवी. त्याच बायका निरोप आणत. थंडी फार आहे, शेकोटी आहे. पाय पुन्हा दुखतो आहे. ताप आहे. बाटली फुटली. हा शेवटचा निरोप आला तेव्हा पत्नी म्हणाली, "तुम्ही जाऊन या ना. डॉक्टरांना घेऊन जा."

"अर्ज माझाच, आणि निकालाआधी मीच तिथे गेलो तर बरं दिसणार नाही."

"कुणाला?"

 दुसरी बाटली मात्र मी डॉक्टरांकडून मागून घेतली आणि मोळीवालीच्या हाती दिली. तेवढे केले म्हणून मला त्या दिवशी बरे वाटले.

शेवटी स्वारी आली. कारभारीसाहेबांनी शब्द पाळला. पहिली सही त्याच कागदावर झाली. शिपाई सकाळीच तो घेऊन माझ्या मेजाशी आला. भाषांतरकार यांचे राहते घर, पडवीपुरते, रुग्णालय म्हणून मंजूर. मी तो वाचला, आणि वाचता वाचता माझ्या मनात आले की मजकूर नेटका झाला आहे. ती पहिली गोष्ट माझ्या मनात आली. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

घरी निरोप पाठवून मी डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी दवाखाना तसाच उघडा टाकला, पेटी तट्टावर लादली आणि आम्ही निघालो. वाटेत डॉक्टर एकदाही मला व्याख्याकार म्हणाले नाहीत. उतरणीवर दव होते आणि तट्टू घसरत होते. ओहळाला पाणी थोडे होते. दगडाच्या पलीकडे, एका ऐनाच्या झाडाखाली त्यांनी फांद्यांचा आडोसा केला होता. शेकोटीतून बारीक धूर येत होता. गडी थोडे दूर बसले होते. नवरा आडोशाच्या तोंडाशी होता. आम्हाला पाहून तो उठून उभा राहिला.

"कागद आला?" त्याने विचारले.

"आला," मी म्हणालो, आणि खिशातून काढला.

डॉक्टर माझ्या पुढे होऊन आत वाकले. त्यांनी गोधडी बाजूला केली, आणि थोड्या वेळाने पुन्हा होती तशी घातली, चेहऱ्यावरूनही. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पेटी नव्हती. ती आतच राहिली होती.

"कधी?" त्यांनी विचारले.

"काल. दिस बुडाया आधी."

"अरे, मग पाड्यावर का नेलं नाहीस? रात्रभर इथे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. तक्रार नव्हती. मी विसरलो असेन तर आठवण करून द्यावी, तसे पाहिले.

"रावसाहेब बोलले ना, कागद येईस्तवर हलायचा नाय."

डॉक्टर वळले आणि ओहळाकडे तोंड करून उभे राहिले. माझ्या हातात कागद होता आणि तो वाऱ्याने फडफडत होता. नवरा त्या कागदाकडे बघत होता. त्याला वाटले असावे की त्यात काहीतरी तिच्याविषयी आहे, आणि होतेही.

"आता नेऊ का तिला?" त्याने विचारले.

मला पुष्कळ बोलायचे होते. अर्ज कुणी मागितला नव्हता, हे. पाय बरा होत होता, हे. कोयत्याने ती गेली नाही, हे तर सगळ्यांत आधी. कारण तो त्याच ओझ्याखाली पाड्यावर जाणार होता आणि मला ते दिसत होते. मी तोंड उघडले आणि जीभ अडखळली. म्हणालो, "ने."

त्याने गड्यांना हाक मारली. त्यांनी आडोशाच्या फांद्या काढल्या आणि बांबू खांद्यावर घेतला. चढण सुरू होते तिथे तो एकटा मागे वळून खाली आला. मला वाटले, आता बोलेल. त्याने वाकून मला रामराम केला; ज्याचे उपकार झाले त्याला करतात तसा. मीही हात जोडून रामराम म्हणालो, आणि तो चढून दिसेनासा होईपर्यंत तसाच हात जोडून उभा राहिलो.